फैलका बेटावरची पाचवी ओळ

कुवेतात मी सतरा दिवस होतो आणि त्यांतले निदान सोळा दिवस किती वाजलेत याचा मला पत्ता नव्हता. घड्याळ होतं, चालतही होतं. पण तिकडच्या जुन्या माणसांचे बारा सूर्य बुडाला की वाजतात, इंग्रजी कचेऱ्यांचे बारा आपल्यासारखे, आणि माझं घड्याळ पुढे करायचं की मागे या घोळात मुंबईच्याच वेळेवर राहून गेलेलं. तेव्हा या लेखात मी कुठे 'सकाळी' म्हटलं तर सकाळ समजावी, आकडा विचारू नये. परत आल्यावर लोकांनी मला तेलाबद्दल विचारलं, वाळवंटाबद्दल विचारलं, उंटांबद्दल विचारलं. उंट मी दोन पाहिले, दोन्ही बसलेले. तेल पाहिलं नाही. मी गेलो होतो एका घराची पायरी पाहायला.

पायरी पाहायला कुणी समुद्र ओलांडतं का, असं आमच्या घरीही विचारून झालं होतं. म्हणून आधी साहेबांची हकीकत सांगतो.

पेनरिथ साहेब

ऑगस्टस पेनरिथ हा उत्तर इंग्लंडातल्या एका घड्याळजीचा मुलगा. गावच्या पाद्र्याने अडगळीतलं हिब्रूचं व्याकरण दिलं म्हणून हिब्रू शिकला, ते संपलं म्हणून ग्रीक, मग सिरियाक, मग फारसी. राणीच्या अमदानीत पोटासाठी मुंबईस आला आणि तिथून पुण्यात मास्तरकीला लागला. संस्कृत तो एका शास्त्रीबुवांकडे शिकला. शास्त्रीबुवा त्याला घरात घेईनात, तेव्हा तीन वर्षं अंगणात उभा राहून शिकला; पावसात छत्री धरायचा आणि पोथीवर नाही, स्वतःवर पाणी पडू द्यायचा, अशी आठवण आहे. या एका आठवणीसाठी मी त्या माणसाच्या प्रेमात पडलो, हे कबूल करतो.

पुढे त्याला कुवेतजवळच्या फैलका बेटावरचा शिलालेख मिळाला. पाच ओळी. वरच्या चार जुन्या आरामाइक लिपीतल्या, कुठल्याशा देवाला काहीतरी अर्पण केल्याच्या. पाचवी मात्र जगात कुणालाच न लागणारी. उभ्या-तिरक्या रेघांची चौदा अक्षरं. पेनरिथ साहेबांनी ती लावली. त्यांच्या मते तिच्यात एका विसरलेल्या राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव होतं. या ओळीवर त्यांना लंडनात पदक मिळालं, विद्यापीठात मानाची जागा मिळाली आणि मासिकांतून जन्मभर पुरेल एवढं भांडण मिळालं. तो राजा दुसऱ्या कुठल्याच दगडावर पुन्हा कधी सापडला नाही. साहेब वारले तेव्हा ती चौदा अक्षरं त्यांच्या थडग्यावर कोरली. त्याचा फोटो माझ्याकडे आहे.

माझे गुरू पोंक्षे सर हे साहेबांच्या शिष्याचे शिष्य. सरांना साहेबांचा राजा मान्य नव्हता, पण ओळ मान्य होती. सरांचं म्हणणं असं, की ही अक्षरं आपल्या ब्राह्मीची चुलत भावंडं. कोकणच्या कुणा व्यापाऱ्याने तिकडे जाऊन, तिथल्या देवाला नमस्कार करून खाली आपल्या लिपीत नाव घातलेलं आहे. यावर त्यांनी चाळीस वर्षं घालवली. मी साहेबांचं चरित्र लिहीत होतो बारा वर्षं, आणि मला खरं सांगायचं तर राजाही पटायचा आणि व्यापारीही पटायचा. ज्याचं शेवटी वाचावं त्याचं पटायचं.

चरित्रातलं एकच प्रकरण रिकामं होतं. साहेबांनी लिहिलंय, 'त्या शिळेसमोर मी स्वतः उभा राहिलो.' पण कुठल्या बोटीने गेले, कुठे उतरले, काय खाल्लं, काही नाही. उलट ज्या महिन्यांत ते तिकडे असायला हवेत त्याच महिन्यांत पुण्याच्या एका ग्रंथालयात पुस्तकं नेल्याच्या त्यांच्या सह्या आहेत. मी तळटीप लिहून ठेवली होती की सह्या नोकराने केल्या असाव्यात. बारा वर्षं मी ती टीप वाचत होतो आणि दर वेळी ती मला थोडी कमी आवडायची.

अशात मी एका मासिकात पेनरिथ साहेबांवर लेख लिहिला. पाच महिन्यांनी कुवेतहून पोस्टकार्ड आलं. दाभोळकडचे इसाक होडेकर, तिथे एका जहाजवाल्याकडे गोदामाचे कारकून. अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं. लिहिलं होतं: 'आपण लिहिता तो शिलालेख मी पाहिला आहे; फैलक्यावर तो एका घराची पायरी आहे. तिच्यावर बसून चहा प्यायलो आहे. यावे.'

मी ते कार्ड सरांना वाचून दाखवलं. काचबिंदूने त्यांची दृष्टी तोवर पार गेली होती. ते उठून भिंतीला हात लावत कपाटाशी गेले आणि त्यांचा ठसे घ्यायचा ब्रश काढून माझ्या हातात दिला. जुन्नर, कान्हेरी, कुठल्या कुठल्या लेण्यांत तो ब्रश आपटला गेला होता. म्हणाले, "डोळे गेलेत. बोटं आहेत. मला ती ओळ आणून दे."

धक्क्यावर

ठसा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दगड धुवायचा, त्यावर जाड ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत घालायचा आणि वाळला की सोलून घ्यायचा. दगड जागेवर राहतो, त्याची कातडी आपल्याबरोबर येते. यासाठी माझ्याकडे कागदाची भली मोठी गुंडाळी होती, आणि तो ब्रश. कुवेतच्या जकातवाल्याने दोन्ही उलटंसुलटं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर काहीतरी अरबीत लिहून शिक्का मारला. बाहेर इसाकभाई उभे होते. लुंगी नव्हे, पँट; डोक्याला टोपी; चेहरा अगदी आपल्या कोकणातल्या पोस्टमास्तरासारखा. त्यांनी कागद वाचला आणि हसू दाबत सांगितलं की सरकारदरबारी मी आता रंगारी आहे.

मी म्हटलं, दुरुस्त करू. ते म्हणाले, नको मास्तर, दुरुस्तीला गेलात तर परतायची बोट चुकेल. पुढे दोन दुकानदारांनी मला पाटी रंगवायला बोलावलं आणि एकाने तर निळा रंग आणूनही ठेवला होता.

आपण परदेशात आलोय हेच मला तीन दिवस उमजेना. बाजारात आपलाच रुपया चालत होता. टपऱ्यांवर मुंबईचे बिस्किटाचे डबे. पांढरे सदरे घातलेले म्हातारे अरब मला पाहून फाड फाड मुंबईची हिंदी बोलायचे आणि भेंडीबाजारातलं अमुक हॉटेल अजून आहे का विचारायचे. मला ते हॉटेल माहीत नसे, आणि मी मुंबईचा नव्हे पुण्याचा, हे त्यांना काहीतरी निमित्त वाटे. गावाला पूर्वी मातीचा तट होता. तो नुकताच पाडला होता, पण वेशी राखल्या होत्या. त्यामुळे मोकळ्या मैदानात नुसती वेस उभी, आजूबाजूला काही नाही, आणि तरी गाढववाले सवयीने तिच्यातूनच जायचे. मी एकदा बाजूने गेलो तर मलाच चुकल्यासारखं वाटलं.

इसाकभाईंची खोली शर्क भागात, समुद्राजवळ. चौघं राहायचे, सगळे रत्नागिरीकडचे. आपसात त्यांची बोली चालायची ती मला निम्मी कळे. माझ्याशी मात्र इसाकभाई शाळेत शिकलेली मराठी बोलायचे, जपून, इस्त्रीचा सदरा घातल्यासारखी. मी शाकाहारी म्हणून चौघांनी तीन दिवस खोलीत मासळी आणली नाही. कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. तिसऱ्या दिवशी एकाचा चेहरा इतका उतरलेला दिसला की मीच हात जोडले, म्हटलं, अहो शिजवा, मी खिडकीशी बसतो. त्या रात्री घरात सण झाला. तिथल्या झुबैदीला, म्हणजे आपल्या पापलेटाला, वाटण लावून तळलं होतं. वासाला मी नावं ठेवणार नाही.

एक वाजता

फैलका बेट किनाऱ्यापासून काही तासांवर. लाँच आठवड्यातून दोनदा जाई. मी स्वतः धक्क्यावर जाऊन लाँचवाल्याला विचारलं, तो म्हणाला, परसों, दिन को एक बजे. मी त्या दिवशी सकाळी अंघोळ केली, पत्रं लिहिली, भाकरी खाल्ली, घड्याळाचा हिशेब एका माणसाला विचारून नीट लावून घेतला आणि साडेबारालाच धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. धक्का रिकामा. एक म्हातारा जाळं विणत होता. त्याने सांगितलं की लाँच एक वाजता गेली. मी घड्याळ दाखवलं. त्याने आकाश दाखवलं. त्यांचे सकाळचे बारा सूर्य उगवायच्या सुमाराला होतात. त्यांचा एक म्हणजे आपले सात. लाँच गेली तेव्हा मी अंगाला साबण लावत होतो.

घरी येऊन मी चिडलो, आणि चिडायला कुणी नव्हतं म्हणून इसाकभाईंवर चिडलो. तुम्ही सांगायला नको होतं का, असं बरंच बोललो. ते म्हणाले की त्यांच्या गोदामात दोन घड्याळं आहेत, एक इंग्रज साहेबांचं, एक नाखव्यांचं, आणि गेली अकरा वर्षं ते दोन्ही बघत आलेत, त्यामुळे कुणाला एकच माहीत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मला लाज वाटली. त्यांनी पुढच्या खेपेला रजा काढली आणि स्वतः बरोबर यायचं ठरवलं.

तीन दिवस हाताशी होते. त्यांतला एक वादळात गेला. वाळूने दिवसा दिवे लावावे लागले. उरलेले दोन मी साहेबांच्या पुस्तकातलं चित्रपान घेऊन बसलो. ती चौदा अक्षरं मला झोपेत काढता यायची. तरी पुन्हा पुन्हा काढली. कधी राजा दिसे, कधी व्यापारी.

फैलका

लाँचवर आमच्याबरोबर बकऱ्या होत्या, पिंपं होती आणि एक शिवणयंत्र होतं. मला बोट लागली. इसाकभाईंनी लिंबू दिलं. बेट दिसलं तेव्हा आधी खजुराची चार झाडं दिसली आणि मग मातीच्या रंगाचं गाव. उंच असं काहीच नाही.

घर होतं अबू सालेम यांचं. सत्तरीच्या पुढचे नाखवा, एक डोळा मोत्यांच्या धंद्यात खाऱ्या पाण्याने अधू झालेला. तरुणपणी मोतीबोटीवर आणि नंतर मालाच्या गलबतावर. दाभोळ, जयगड, मलबार, सगळं पायाखालचं. इसाकभाईंच्या आजोबांपासून ओळख. त्यांनी मला मिठी मारली, बसवलं आणि वेलदोड्याच्या कडू कॉफीचा चिमुकला पेला दिला. मी संपवला, त्यांनी भरला. मी संपवला, त्यांनी भरला. यजमानाचा मान राखायचा म्हणून मी नेटाने पीत होतो. सातव्या पेल्याला इसाकभाई कानाशी पुटपुटले की पेला हलवून परत द्या, म्हणजे पुरे. तोवर माझं काळीज गळ्याशी येऊन धडधडत होतं. त्यातलं थोडं कॉफीचं असेल, कारण त्याच वेळी मला दारातली पायरी दिसली होती.

करड्या दगडाची, दीड हात लांब, एका टोकाला फुटलेली. मी गुडघ्यांवर बसलो. पहिली ओळ. दुसरी. तिसरी, चौथी. साहेबांच्या पानाबरहुकूम, अक्षर न् अक्षर. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बारा वर्षं जे कागदावर पाहिलं ते हाताखाली गार लागत होतं.

मग पाचवी. मी मोजू लागलो. चौदाशी थांबायला हवं होतं. पंधरा झाली. सोळा, सतरा. मी पुन्हा मोजलं. तेवीस. आणि पहिल्या चौदांतलीही काही जास्त खोल, काही रुंद. मी चित्रपान काढलं, आडवं धरलं, उभं धरलं. इसाकभाईंना मोजायला लावलं. त्यांचीही तेवीस झाली. मी साहेबांवर मनातल्या मनात चिडलो की नऊ अक्षरं सोडली कशी, मग वाटलं की छापणाऱ्याने सोडली असतील, मग वाटलं की ही पायरीच दुसरी असेल. उन्हात बसून माझं डोकं फिरायची पाळी आली.

तेवढ्यात अबू सालेम आतून परातीत मासे घेऊन आले. पाहुण्यांसाठी मासे ते स्वतः कापत. खिशातून बोटभर लांबीची, आखूड वाकड्या पात्याची सुरी काढली. शिंपले उघडायची ती. मला जरा सरका म्हणाले. मी सरकलो. ते पायरीशी उकिडवे बसले, सुरीचं पातं पाचव्या ओळीतल्या सहाव्या अक्षरात घातलं आणि खर्र, खर्र, खर्र घासू लागले.

मी ओरडलो असेन. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि मला काय झालं ते त्यांना कळेना. मलाही कळत नव्हतं. म्हणजे कळलं होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. पाचवी ओळ माझ्या डोळ्यांदेखत लिहिली जात होती.

इसाकभाईंनी मध्ये पडून समजावलं. मग अबू सालेम यांनी सांगितलं ते असं. मोत्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या बोटीवरचे सगळे या पायरीवर येऊन सुऱ्या पाजळत. प्रत्येकाची आपली खाच. दुसऱ्याच्या खाचेत पातं घालायचं नाही, हा दंडक. घातलं तर त्याचा मोती आपल्याला गेला असं समजून मारामारी व्हायची. बाप गेला की खाच मुलाची. बोट मोठी झाली, माणसं वाढली, तशा खाचा वाढल्या. त्यांच्या आजोबांच्या बोटीवर चौदा माणसं होती.

त्यांनी बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. "ये मेरा बाप का, उसका बाप का, अभी मेरा. ये मुबारक का. ये फहद और उसका बेटा।" असं करत ते एका उथळ, अर्ध्या रेघेशी आले, तिसऱ्या अक्षराशी, ज्याला साहेबांनी राजाच्या नावातला स्वर म्हटलं होतं आणि पोंक्षे सरांनी त्यावर एक निबंध लिहिला होता. "ये जासिम का। पहला ही साल था। डूब गया। इसमें कोई नहीं घिसता।"

मी वही काढली आणि नावं लिहून घेतली. का, ते मला सांगता येणार नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं.

शेवटी मी साहेबांबद्दल विचारलं. कुणी इंग्रज इथे आला होता का, उंच, छत्रीवाला. अबू सालेम हसले. त्यांच्या घरात ही गोष्ट आजोबांपासून चालत आलेली. "साहेब कोई नहीं आया। मुंबई से एक मुन्शी आया था। पत्थर को पानी पिलाया, कागज़ लगाया, ब्रश से खूब मारा, और कागज़ लेके चला गया। दादा बोलता था, पागल था, लेकिन अच्छा आदमी था।"

ग्रंथालयातल्या सह्या साहेबांच्याच होत्या तर. ते पुण्यात टेबलाशी बसून होते. दगड त्यांनी कधी पाहिलाच नाही, फक्त त्याची कातडी पाहिली, आणि कातडीवर अक्षर आणि ओरखडा सारखाच उमटतो. साहेबांनी कागद वाचला, सरांनी साहेबांच्या पुस्तकातलं पान वाचलं, मी दोघांना वाचलं. शिकलेली माणसं आम्ही. पायरीवर बसून कुणी चहा घेतला नाही.

पण मुन्शी? तो माझ्या डोक्यातून जाईना. तो इथे जेवला असेल, सुऱ्या पाहिल्या असतील. त्याने साहेबांना सांगितलं नाही? सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही? की त्याला कुणी विचारलंच नाही? याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही, आणि चरित्रकाराने हे लिहावं का, तेही कळत नाही.

मी ठसा घेतला. सरांच्या ब्रशने. अबू सालेम यांनी स्वतः पाणी आणून दिलं आणि मी कागद ठोकत असताना ते सारखे हसत होते. निघताना त्यांनी ती सुरी माझ्या हातात ठेवली. आता शिंपले कोण उघडतो, म्हणाले. मी जेवलो भात आणि खजूर, पापलेट इसाकभाईंनी माझ्या वाटणीचं खाल्लं.

परतताना लाँचवर इसाकभाईंना मी विचारलं, सरांना सांगू की नको? म्हातारा माणूस, चाळीस वर्षं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "मी नाय सांगणार काय करा ते. पण त्या मुन्शीची जागा आता तुमची हाय."

त्यांची शाळेतली मराठी तेवढ्या एका वेळी सुटली. मुंबईच्या बोटीवर सहा दिवस मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. रोज नवी जुळवायचो आणि रोज ती खोटी वाटायची.

पुणे

सर दुपारच्या वेळी खुर्चीत ताठ बसले होते, हात धुऊन. त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं की सकाळपासून असेच बसलेत. मी ठसा त्यांच्यासमोर टेबलावर पसरला आणि त्यांची बोटं पहिल्या ओळीवर ठेवली.

चारही ओळी त्यांनी बोटांनी वाचल्या, मोठ्याने, एकही चूक न करता. मग पाचवी. चौदा झाल्यावर बोट पुढे गेलं आणि तिथे अजून एक होतं. अजून एक. सरांचा चेहरा बदलला. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलेलं नाही. म्हणाले, अरे ही तर पुढे चालू आहे, साहेबांनी अर्धीच घेतली होती, आता नाव पुरं लागेल! ते चाचपत माझा हात शोधत होते.

सहा दिवस जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी पिशवीतून सुरी काढली आणि त्या शोधणाऱ्या हातात ठेवली.

"हे काय? उत्खननातलं?"

"नाही सर. शिंपले उघडायची सुरी आहे. ती तिथे धार लावतात."

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने ठशावरची एक खाच शोधली, पातं तिच्यावर अलगद टेकवलं. वाक तोच होता. दुसऱ्या खाचेवर टेकवलं. तिसऱ्या. आत सूनबाई कप विसळत होत्या तो आवाज येत होता. सरांनी सुरी खाली ठेवली.

मग त्यांनी सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं: खाचा, बोट, मुन्शी. माझं संपल्यावर ते म्हणाले, "साहेबांचं मागाहून बघू. आधी माझं." त्यांनी पेन्सिल मागितली. विद्यार्थ्यांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायची त्यांची जुनी खोड. आंधळ्या माणसाने त्या वाकड्या सुरीने, बोटाने चाचपत, माझ्या पेन्सिलीला टोक केलं आणि ती माझ्याकडे धरली.

"लिही. पाचव्या ओळीविषयी पोंक्षे यांचे मत चुकीचे आहे."

मी लिहिलं. पुढे काय, असं विचारलं. पुढे काही नाही, म्हणाले, एवढं पुरे. त्यांचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते, पण ते त्यांना दिसणार नव्हतं. मी ठसा गुंडाळू लागलो तर त्यांनी हात आडवा घातला.

"नावं उतरवून घेतलीस का?"

घेतलीत, म्हटलं. क्रमाने? बहुतेक क्रमाने, मी तेव्हा जरा गोंधळलेला होतो. त्यांनी बोट पुन्हा पाचव्या ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि म्हणाले, वाच. मी वही उघडून वाचू लागलो. एकेक नाव, एकेक खाच. तिसरीशी ते बोट आपणहून थांबलं.

"ही उथळ आहे. ह्याचं?"

"जासिम. पहिलंच वर्ष होतं. बुडाला."

सरांनी त्या खाचेवरचं बोट काढलं नाही.

"लिही," ते म्हणाले. "पाचवी ओळ. तिसरं अक्षर, जासिम."